लसीचे थेंब आणि मुलखाचे पाणी

लसींचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापाशीच संपतो. कोणी रोगजंतू हुडकला, कोणी तो निर्बल केला, कोणत्या साली परवाना मिळाला आणि कोणत्या साली सरकारने ती लस आपल्या कार्यक्रमात दाखल करून घेतली, एवढा तपशील नोंदला की इतिहासकाराचे दप्तर बंद होते; आणि ज्या अर्भकाच्या देहात त्या लसीला अखेर आपले काम करावयाचे असते, ते अर्भक कोणत्या मुलखात जन्मले, कोणते पाणी प्याले, कोणाच्या दुधावर वाढले, याची विचारपूस क्वचितच होते. टोचून द्यावयाच्या पुष्कळशा लसींच्या बाबतीत ही उपेक्षा खपून जाते. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने हातोहात आलेली देवीची लस १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर जेव्हा धरली, तेव्हा ती इंग्लंडात धरत होती तशीच येथेही धरली. क्षयाच्या बी.सी.जी. लसीने मात्र ब्रिटनमधील मुलांना उत्तम संरक्षण दिले आणि मद्रासनजीकच्या चिंगलपट जिल्ह्यातील प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसक्षयापुढे ती निष्प्रभ ठरली. परंतु असा एखादा ठळक अपवाद सोडला, तर कातडीखाली किंवा स्नायूत गेलेली लस सहसा देश-काल विचारीत नाही. तोंडावाटे द्यावयाच्या जिवंत लसींची गोष्ट निराळी आहे, आणि रोटाव्हायरस या अतिसारकारक विषाणूवरील लसीच्या वाटचालीइतका त्या निराळेपणाचा सविस्तर दाखला दुसरा सापडत नाही.

ही हकीकत रोटाव्हायरसपासून सुरू करण्यापेक्षा पोलिओपासून सुरू करणे अधिक न्याय्य होईल. कारण जे सत्य पुढे जगाने अनेक वर्षे आणि अनेक चाचण्या खर्ची घालून मान्य केले, ते एका भारतीय वैद्याने १९७२ सालीच छापून प्रसिद्ध केले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी आपल्या भागातील बालकांना पोलिओच्या थेंबांच्या तीन मात्रा दिल्यानंतर त्यांचे रक्त तपासले, तेव्हा युरोप-अमेरिकेत ज्या तीन मात्रांनी जवळजवळ प्रत्येक मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे उमटत, त्याच तीन मात्रांनंतर वेल्लोरची अनेक बालके कोरीच राहिलेली आढळली. अशा वेळी पहिला संशय वाहतुकीवर जातो: बर्फ वितळले असेल, पेटी उन्हात राहिली असेल, लसच मेली असेल. उष्ण देशातील प्रत्येक अपयशाचे खापर त्या देशाच्या अव्यवस्थेवर फोडण्याची सवय इतकी जुनी आहे, की लस पूर्णपणे जिवंत असूनही ती मुलाच्या आतड्यात रुजत नाही, हे विधान प्रथम कोणाला पटेना. जेकब जॉन यांनी मात्र ते पुनःपुन्हा मांडले. उष्णकटिबंधात मात्रा अधिक द्याव्या लागतील किंवा टोचण्याची लस आणावी लागेल, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. २००६ साली निकोलस ग्रासली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील रोगनोंदींचा हिशेब मांडला, तेव्हा पोलिओच्या तिन्ही प्रकारांवरील त्रिगुणी थेंबांच्या एका मात्रेने पहिल्या प्रकारच्या पोलिओपासून मिळणारे संरक्षण उत्तर प्रदेशात अवघे शेकडा ९ आणि बिहारखेरीज उर्वरित देशात शेकडा २१ भरले. दहा-दहा वेळा थेंब घेतलेली मुले लुळी का पडत होती, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत होते. एकगुणी व पुढे द्विगुणी लस आणून, घरोघर फेऱ्यांवर फेऱ्या काढून, अखेर १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेच्या आजारानंतर वन्य पोलिओचा रुग्ण भारतात नोंदला गेला नाही. परंतु त्या विजयाची किंमत वाढली ती या आतड्याच्या प्रश्नामुळे, हे विसरता येत नाही.

रोटाव्हायरस माणसाच्या आतड्यात दिसला तो १९७३ साली, मेलबर्नमध्ये. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी पडलेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि पेशींमध्ये गच्च भरलेले चक्राकार कण त्यांना आढळले. त्यानंतर जेथे जेथे शोध झाला, तेथे तेथे हा विषाणू सापडला. आणि मग एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली, ती ही की अतिसाराच्या इतर कारणांप्रमाणे हा गरिबीच्या मागे मागे जाणारा रोग नव्हता. हेलसिंकी असो वा हिंगोली, पाचव्या वाढदिवसापूर्वी त्याची लागण झाली नाही असे मूल जवळजवळ नसते. शुद्ध पाणी, साबण, बंदिस्त गटारे यांनी पटकी हटते, विषमज्वर हटतो. हा मात्र हटत नाही. लागण सर्वत्र सारखी, पण मरण सारखे नाही: जेथे मूल सुकू लागल्यावर तासाभरात दवाखाना गाठता येतो, तेथे ते दोन दिवसांत खेळू लागते, आणि जेथे दवाखाना नदीपलीकडे असतो तेथे ते दगावते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवून एक मार्ग दाखविला होता; तरीही जो आजार स्वच्छतेने टळत नाही तो लसीनेच टाळला पाहिजे, हा निष्कर्ष अटळ होता, कारण लसी प्रचारात येण्यापूर्वी या एका विषाणूने जगात दरसाल सुमारे पाच लाख मुले मरत आणि त्यांपैकी लाखाच्या आसपास मुले आपल्या देशातील असत.

पहिली लस गाईगुरांच्या विषाणूपासून बनली. वासरांना बाधणारा रोटाव्हायरस माणसाच्या मुलाला आजारी पाडीत नाही, पण त्याच्या देहाला ओळख मात्र करून देतो, या कल्पनेवर बेल्जियममध्ये तयार झालेली ‘आरआयटी ४२३७’ ही लस तिमो वेसिकारी यांनी फिनलंडमधील तांपेरे शहरात १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दिली आणि तिने तेथील बालकांचे तीव्र अतिसारापासून उत्कृष्ट रक्षण केले. तीच लस मग रवांडात नेली. तेथे तिचा काही उपयोग झाला नाही. गांबियात नेली, तेथेही निराशाच पदरी आली. अमेरिकेतील नव्हाहो लोकांच्या वसाहतीत, म्हणजे संपन्न देशाच्या पोटातल्या दरिद्री मुलखात नेली. तेथेही ती धरली नाही. कारखानदारांनी या निकालाचा अर्थ लस कुचकामी आहे असा लावला आणि तिचा नाद सोडला. या निर्णयाकडे आज पाहताना मला अतिशय खेद होतो. फिनलंड आणि रवांडा यांच्या मध्ये जे काही होते ते शोधण्याऐवजी लसच टाकून देण्यात आली. आणि मध्ये काय होते हा प्रश्न, जो वेल्लोरने दहा-बारा वर्षांपूर्वीच विचारून ठेवला होता, तो आणखी एका पिढीपुरता पुढे ढकलला गेला.

दुसरी लस माकडाच्या विषाणूवरून अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आल्बर्ट कपिकियान यांनी सिद्ध केली. ऑगस्ट १९९८ मध्ये तिला परवाना मिळाला आणि पुढच्याच वर्षी जुलैत तिचा वापर तहकूब झाला, कारण ती घेतलेल्या सुमारे दहा हजारांत एका अर्भकाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकतो असे दिसून आले. जेथे या रोगाने मुले क्वचितच मरतात त्या देशाने दहा हजारांत एक हा धोका पत्करू नये, हे उघड आहे. परंतु जेथे दर काहीशे मुलांमागे एक मूल याच रोगाने मरत होते, तेथे हिशेब अगदी उलटा होता. आणि २००० सालच्या आरंभी जिनिव्हात भरलेल्या परिषदेत हा उलटा हिशेब मांडलाही गेला. पण जी लस अमेरिकेने आपल्या मुलांसाठी नाकारली ती आमच्या मुलांना द्या, असे कोणत्या राष्ट्राचा आरोग्यमंत्री आपल्या विधिमंडळात उभा राहून सांगू शकला असता? लस गेली, आणि नवी लस येईपर्यंत जी वर्षे लोटली त्या वर्षांतील मृत्यूंची नोंद कोणाच्याच नावावर झाली नाही.

२००६ साली दोन नव्या लसींचे निकाल प्रसिद्ध झाले. एक सिनसिनाटीतल्या एका आजारी बालकाच्या विषाणूपासून, दुसरी फिलाडेल्फियात फ्रेड क्लार्क, पॉल ऑफिट आणि स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी गाईच्या व माणसाच्या विषाणूंचा संकर करून तयार केलेली. प्रत्येकीची चाचणी साठ हजारांहून अधिक अर्भकांवर झाली होती, कारण आता आतड्याच्या त्या दुर्मीळ अपघाताची खातरजमा केल्यावाचून कोणी पुढे जाणार नव्हते. फिनलंड व अमेरिकेत तीव्र आजारापासून शेकडा ९८ इतके, लॅटिन अमेरिकेत शेकडा ८५ इतके संरक्षण मिळाले. मग २०१० मध्ये आफ्रिका व आशियातील आकडे आले आणि जुनी शंका पुन्हा समोर उभी राहिली: दक्षिण आफ्रिकेत शेकडा ७७, मलावीत ४९, घाना, केनिया व माली मिळून ३९, बांगला देश व व्हिएतनाम मिळून ४८.

या वेळी मात्र शास्त्रज्ञांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही रवांडाच्या वेळची चूक केली नाही, आणि त्याचे श्रेय मलावीतल्या एका साध्या वजाबाकीला जाते. लसीची परिणामकारकता शेकड्यात सांगितली की ऐकणाराचे लक्ष लसीच्या गुणावर खिळते. पण शंभर मुलांना लस दिल्याने किती मुले तीव्र आजारापासून वाचली, असे विचारले की लक्ष रोगाच्या भारावर जाते. शेकडा ७७ गुणाच्या दक्षिण आफ्रिकेत दर शंभर मुलांमागे वर्षाला ४.२ तीव्र आजार टळले होते. शेकडा ४९ गुणाच्या मलावीत ६.७. म्हणजे लस जेथे निम्मीच लागू पडली, तेथेच तिने अधिक मुले वाचविली, कारण तेथे वाचविण्याजोगी मुले फार होती. पुढे मलावीत लस सार्वत्रिक झाल्यावर अर्भकांचे अतिसाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. संघटनेने २००९ मध्येच, हे आकडे हाती येत असतानाच, सर्व राष्ट्रांना या लसीची शिफारस केली होती. त्याच्या पंचवीस वर्षे आधी हीच वजाबाकी कोणी केली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

आता फिनलंड आणि रवांडा यांच्या मधल्या त्या गोष्टीकडे वळू. जिवंत लस ही विरजणासारखी आहे: विरजण चांगले असून भागत नाही, दूध कसे आहे, किती कोमट आहे, भांड्यात आधीचे काय लागलेले आहे, यावर दही लागणे अवलंबून असते. थेंबातील निर्बल विषाणूला आतड्याच्या पेशींत शिरावे लागते, तेथे वाढावे लागते, आणि त्या वाढीने देहाला जाग यावी लागते. या वाटेवर दरिद्री मुलखातील अर्भकाच्या देहात एकामागून एक अडथळे उभे असतात. पहिला अडथळा आईचाच असतो, आणि तो तिच्या मायेतून आलेला असतो. जिला आयुष्यभर या विषाणूची पुनःपुन्हा गाठ पडली आहे, तिच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे असतात. ती वारेतून गर्भात उतरतात आणि दुधातूनही बाळाच्या पोटात जातात. भारत, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया आणि अमेरिका येथील मातांचे दूध शेजारी शेजारी ठेवून तपासले तेव्हा लसीच्या विषाणूला निष्प्रभ करण्याची शक्ती भारतीय मातांच्या दुधात सर्वांत अधिक आढळली. मग लसीच्या आधी व नंतर काही वेळ अंगावर पाजू नये, असा उपाय काहींना सुचला. दिल्लीत, दक्षिण आफ्रिकेत आणि पाकिस्तानात त्याची परीक्षा झाली आणि त्याने काही फरक पडला नाही. पडला नाही हे फार चांगले झाले, असे मी म्हणेन. कारण ज्या देशात मातेचे दूध हेच अर्भकाचे पहिले संरक्षण आहे, त्या देशातल्या आयांना लसीसाठी बाळ दूर धरावयास सांगणे हा एक फार मोठा अपाय ठरला असता.

दुसरा अडथळा पोलिओच्याच थेंबांचा आहे. दोन्ही लसी तोंडावाटे, एकाच दिवशी, एकाच आतड्यात जातात. पोलिओचे विषाणू जोमदार असतात आणि, विशेषतः पहिल्या मात्रेच्या वेळी, ते रोटाव्हायरसला जागा देत नाहीत. त्याखेरीज त्या आतड्यात इतर विषाणू व जंतू आधीच नांदत असतात. सहा आठवड्यांच्या बाळाच्या पोटात, बाहेरून ते कितीही निरोगी दिसले तरी, किती परकी वस्ती झालेली असते, याची कल्पना वेल्लोरच्या अभ्यासांनी प्रथम दिली. पण केवळ जंतू हटवून भागते असेही नाही: वेल्लोरमध्येच मुलांना ॲझिथ्रोमायसिन देऊन पोलिओचे थेंब पाजले, तेव्हा आतड्यातील रोगकारक जंतू कमी झाले, पण लस काही अधिक धरली नाही. जस्त आणि उपयुक्त जीवाणू यांची जोड देऊन पाहिली. तिचा लाभ झाला तो अल्पच.

तिसरी गोष्ट आतड्याच्या घडणीचीच, आणि तिचा इतिहास माझ्या मते सर्वांत बोधप्रद आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात. अन्नरस तेच शोषतात आणि रोटाव्हायरसही त्यांच्याच टोकावरच्या पेशींत राहतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून स्वयंसेवक म्हणून पाकिस्तानात आलेल्या धडधाकट तरुणांच्या आतड्याची तपासणी झाली, तेव्हा त्यांचे रसांकुर खुजे आणि सुजलेले झालेले दिसले, अन्नाचे शोषण मंदावलेले दिसले. आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत ते सर्व पूर्ववत झाले. आपल्या बोलीत सांगावयाचे तर त्यांना तेथले पाणी लागले होते. याच काळात वेल्लोर येथे सेल्विन बेकर आणि व्ही. आय. माथन यांनी दक्षिण भारतातील खेड्यांतल्या निरोगी म्हणून गणल्या जाणाऱ्या लोकांचे आतडे पाहिले आणि तेथे हीच स्थिती कायमची, सर्वसाधारण म्हणून आढळली. ज्यांना ते पाणी सोडून जावयाची सोय नाही त्यांचे रसांकुर पूर्ववत होण्याचा प्रश्नच नव्हता. विष्ठेने दूषित झालेल्या परिसरात पहिल्या महिन्यांपासून चालणारा हा मूक दाह लसीला जागा आणि जोम दोन्ही नाकारतो, असा कयास आहे. आणि त्याच्या जोडीला रक्तगटासारखी एक जन्मजात खूणही येते, जी आतड्याच्या पेशींवर नसली तर काही वाणांचा विषाणू त्या मुलाला बाधत नाही, पण त्याच वाणाची लसही त्याला लागत नाही. आफ्रिकेत अशी मुले अधिक आढळतात.

इतकी कारणे सांगितल्यावर एखाद्यास वाटेल की दोष अखेर लसीचा आहे, ती अधिक चांगली घडवावी म्हणजे झाले. वेल्लोरनेच या समजुतीस उत्तर दिले. मेक्सिकोतील बालकांचा जन्मापासून पाठपुरावा करून पूर्वी असे सिद्ध झाले होते, की दोन वेळा नैसर्गिक लागण झालेल्या मुलाला मध्यम किंवा तीव्र रोटाव्हायरस अतिसार पुन्हा होत नाही. आणि साऱ्या लसींचा पाया याच निरीक्षणावर घातलेला होता. डॉ. गगनदीप कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्लोरच्या झोपडवस्तीतील ३७३ बालकांचा तीन वर्षे असाच पाठपुरावा केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तीन वेळा लागण होऊन गेल्यावरही मध्यम व तीव्र आजारापासून संरक्षण शेकडा ७९ इतकेच भरले, आणि लागण तर पुनःपुन्हा होतच राहिली. म्हणजे जेथे खुद्द जोमदार वन्य विषाणूला देहावर पुरती मुद्रा उमटविता येत नाही, तेथे त्याच्या निर्बल प्रतिकृतीकडून मेक्सिकोची अपेक्षा करणे न्याय्य नव्हते. लसीचा गुण दुसऱ्या वर्षी ओसरतो असे दरिद्री देशांत जे दिसते, त्याचेही अंशतः कारण हेच, की लस न घेतलेली मुले तोवर वारंवारच्या लागणीने स्वतःच थोडी सुरक्षित झालेली असतात, आणि तुलनेसाठी जो फरक मोजावयाचा तोच पुसट होत जातो.

आपल्या देशातील लसीचा जन्म एका बालकक्षात झाला. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांना नवजात अर्भकांच्या कक्षात एक कोडे आढळले: अर्भकांच्या विष्ठेत रोटाव्हायरस सापडतो, पण त्यांना जुलाब होत नाहीत, आणि पुढे या मुलांवर नजर ठेवली तेव्हा इतरांच्या तुलनेत त्यांना रोटाव्हायरसचा त्रास कमी झाला. माणसाच्या विषाणूत गाईच्या विषाणूचा अंश निसर्गतःच मिसळून बनलेला हा वाण ‘११६ ई’ या नावाने दप्तरी दाखल झाला. मेलबर्नच्या बालकक्षात रूथ बिशप यांनाही काही वर्षे आधी हेच दिसले होते. भारत-अमेरिका सहकार्याच्या योजनेतून, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, हैदराबादच्या भारत बायोटेक या कारखान्यात त्या वाणाची लस होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि २०११ साली तिची अंतिम चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी सुरू झाली. पुण्याची बाजू के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सांभाळली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक, जे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्या गावच्या परिसरात या केंद्राने वर्षानुवर्षे घरोघरच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी राखल्या आहेत.

तिन्ही ठिकाणच्या मिळून ६,७९९ अर्भकांच्या या चाचणीत पोलिओचे थेंब मुद्दाम बरोबरच देण्यात आले, आईचे दूध रोखण्यात आले नाही. मुले जशी वाढतात तशीच वाढू देऊन लस पारखावी, हा तो निर्णय होता आणि तो मला या संपूर्ण इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. निकाल शेकडा ५३.६ आला, दुसऱ्या वर्षीही शेकडा ४८.९ इतका टिकला. तांपेरेच्या मोजपट्टीने हा आकडा अर्धवट यशाचा ठरला असता. येथे मात्र मात्रेची किंमत साठ रुपयांच्या आसपास ठेवण्याची हमी मिळाली, मार्च २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत लस सरकारी कार्यक्रमात रुजू झाली, आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्रासह सारा देश त्यात आला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही याच काळात उष्णतेत टिकणारी भुकटीरूप लस तयार केली, आणि तिच्या निकालांनी या प्रश्नाला आणखी एक पेच घातला. सहारा वाळवंटाच्या कडेवरच्या नायजर देशात, जेथील बालमृत्यू जगातील अत्यंत भीषण बालमृत्यूंपैकी आहेत, तेथे तिचा गुण शेकडा ६७ भरला. भारतातल्या चाचणीत तीव्र आजारापुरता शेकडा ३६, आणि अतितीव्र आजारापुरता पाहिला तर निम्म्याहून अधिक. दारिद्र्य वाढले की गुण घटतो, असा सरळ जिना येथे नाही. आजाराची तीव्रता कोणी कशी मोजली, कोणत्या ऋतूत मुले दाखल झाली, कोणता वाण त्या वर्षी फिरत होता, यांचाही त्या आकड्यांत वाटा असतो, आणि म्हणून दोन देशांच्या दोन आकड्यांची तुलना करताना फार जपून पावले टाकावी लागतात.

आतड्याला वळसा घालून लस टोचूनच द्यावी, हा विचार ओघानेच आला. आफ्रिकेत तिची चाचणी झाली. तोंडावाटेच्या लसीहून ती सरस ठरण्याची आशा उरली नाही, तेव्हा २०२२ मध्ये ती थांबविण्यात आली. अधिक आशा दिसते ती विषाणूच्याही आधी पोचण्यात. मेलबर्नच्या बालकक्षातल्या त्या जुन्या वाणापासून केलेली लस इंडोनेशियात जन्मानंतर पाच दिवसांच्या आत देऊन पाहिली, तेव्हा दीड वर्षापर्यंत शेकडा ७५ संरक्षण मिळाले, आणि तीच लस नेहमीच्या वेळापत्रकाने दिली तेव्हा ५१. पहिल्या आठवड्यात पोटात ना परकी वस्ती असते, ना दाह सुरू झालेला असतो, आणि पोटातील आम्लही मंद असते; शिवाय आतड्यात आतडे अडकण्याचा अपघात त्या वयात जवळजवळ होत नाही. दिल्लीच्या बालकक्षात भान यांनी जे पाहिले होते, ते जन्मल्याबरोबर झालेल्या लागणीचेच फळ होते. त्या लागणीची वेळ पाळणारी लस भारतीय वेळापत्रकात अद्याप आलेली नाही.

आपल्याकडे पहिला डोस सहाव्या आठवड्यालाच मिळतो, मग दहाव्या आणि चौदाव्या. २०१६ ते २०२० या काळात निरनिराळ्या राज्यांतील रुग्णालयांत दाखल झालेल्या बालकांची छाननी झाली, तेव्हा भारत बायोटेकच्या लसीचा गुण शेकडा ५४ भरला. चाचणीतली बालके निवडलेली, देखरेखीखालची आणि वेळेवर लस मिळालेली होती; ही बालके उपकेंद्रावर, अंगणवाडीच्या ओसरीवर, आशाताईच्या पाठपुराव्याने थेंब घेतलेली होती, आणि तरीही दोन्ही आकडे जुळले.